धुळ्याच्या तुरुंगातला एक शब्द

परवा माळा आवरताना आजीची 'गीता प्रवचने' सापडली. पुठ्ठा निघालेला, पानं पिवळी. पाच मिनिटं चाळू म्हणून बसले आणि चौथ्या अध्यायाशी अडकले.

हे पुस्तक लिहिलेलं नाही, बोललेलं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी सोबतच्या कैद्यांपुढे गीतेच्या एका अध्यायावर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून.. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी तिथेच कैदेत होते, त्यांनी ते उतरवून घेतलं, म्हणून आज आपल्या हाती आहे.

चौथ्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकात तीन शब्द येतात : कर्म, विकर्म, अकर्म. शंकराचार्यांच्या भाष्यात विकर्म म्हणजे शास्त्राने निषिद्ध ठरवलेलं कर्म. विनोबांनी मात्र ते 'विशेष कर्म' असं घेतलं. हात बाहेर करतात ते कर्म, आणि त्याच वेळी मनाने आत करायचं ते विकर्म. पिंडीवर अभिषेकाची धार धरली, पण आत चिंतनाची धार नाही, तर त्या अभिषेकाला काय अर्थ? दोन्ही जुळली की केल्याचा भार उरत नाही. तेच अकर्म.

शब्दार्थावर पंडित वाद घालू शकतील. मला मात्र समोर बसलेले ते कैदी दिसतात. देशासाठी घरदार सोडून आलेली माणसं! बाहेरचं जे करायचं ते करून चुकलेली. त्यांना हा माणूस सांगत होता की निम्मं काम अजून बाकी आहे, आणि ते गजांआडही करता येतं.

मला हे टोचायचं कारण घरातलंच. दोन वर्षं बाबा अंथरुणावर आहेत. औषधं, पथ्य, अंग पुसणं, सगळं मी वेळेवर करते. एक गोळी चुकलेली नाही. पण आत सतत चरफड चालू असते. मागच्या आठवड्यात ते म्हणाले, "तुला फार त्रास होतो ना गं माझा?" मी "छे हो" म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, हे मला कळलं.

चार पानं वाचून मी बदलले वगैरे काही नाही. काल फक्त त्यांचं अंग पुसताना घड्याळाकडे पाहिलं नाही, इतकंच. बाबा बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलले.. आजीबद्दलच.