चामड्याच्या मोज्यापासून लायक्राच्या पट्ट्यापर्यंत

लायपोसक्शनमध्ये त्वचेला बारीक छिद्र पाडून आत पोकळ नळी घालतात आणि चरबी ओढून घेतात. चरबी निघते, पण नळी फिरलेल्या जागी असंख्य बोगदे राहतात, बारीक रक्तवाहिन्या फाटलेल्या असतात आणि वरची त्वचा खालच्या थरापासून सुटलेली असते. या मोकळ्या जागेत रक्त-पाणी साचू नये, सूज आटोक्यात राहावी आणि त्वचा पुन्हा खाली बसावी, म्हणून शस्त्रक्रिया संपताच रुग्णाच्या अंगावर घट्ट, ताणणारे वस्त्र चढवले जाते. बोलण्यात त्याला ‘पट्टा’च म्हणतात, मग तो छातीपासून गुडघ्यापर्यंतचा का असेना. ही शस्त्रक्रिया जेमतेम अर्धशतकाची आहे. पट्टा तिच्याहून कितीतरी जुना. तो पायाच्या जखमा, भाजलेली कातडी आणि कॉर्सेटचा धंदा अशा तीन ठिकाणांहून उसना आला.

किती घट्ट बांधावे, हा प्रश्न तर फारच पुरातन. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार दिले आहेत आणि आवळण्याच्या तीन पायऱ्या: गाढ, सम, शिथिल. कुल्ले, काखा, जांघा, मांड्या, डोके येथे गाढ. हातपाय, चेहरा, पोट, छाती येथे सम. डोळे आणि सांधे येथे शिथिल. चरकसंहितेत प्रसूत स्त्रीचे पोट मोठ्या स्वच्छ वस्त्राने गुंडाळायला सांगितले आहे. महाराष्ट्रात बाळंतिणीचे पोट मऊ सुती कापडाने बांधण्याची रीत त्याच जातीची. या सगळ्यात दाब ठरे तो बांधणाऱ्याच्या हातावर, आणि रुग्ण चार पावले चालला की तो ढिला होई.

या अडचणीवर इंग्लंडचा शल्यविशारद रिचर्ड वाइजमन याने तोड काढली. राजा दुसरा चार्ल्स याच्या पदरी असलेल्या या माणसाने 1676 च्या ग्रंथात पायाच्या चिघळलेल्या जखमांसाठी कुत्र्याच्या कातड्याचा, नाडीने आवळायचा मोजा वर्णिला आहे. सूज उतरली की नाडी ओढायची, टोचू लागले की सैल सोडायची. एकदा बांधून सोडून देण्याच्या पट्टीऐवजी रोज घालता-काढता येणारे, मापाचे वस्त्र ही कल्पना येथे स्पष्ट दिसते.

चामडे ताणले जात नाही. ताणाची सोय रबराने केली. चार्ल्स गुडइयर आणि टॉमस हॅन्कॉक यांनी 1840 च्या आसपास गंधक घालून रबर टिकाऊ केले आणि 1848 मध्ये विल्यम ब्राउन याने इंग्लंडमध्ये लवचीक मोज्याचे पेटंट घेतले. उघडे रबर अंगाला चिकटे, घामाने कातडी सोलून निघे. पुढे रबराच्या धाग्याभोवती रेशीम किंवा सूत गुंडाळून ते विणू लागले, तेव्हा कुठे हे मोजे दिवसभर सोसवू लागले.

दाब मोजून देण्याची गोष्ट मात्र वैद्याच्या नव्हे, यंत्राच्या माणसाला सुचली. अमेरिकेत ओहायोतील टोलिडो येथील कॉनरॅड जॉब्स्ट या अभियंत्याला शिरांच्या विकाराने ग्रासले होते. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो, हे त्याच्या ध्यानात आले. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. मीटरभर खोलीवर तो सुमारे 74 मिलिमीटर पारा असतो आणि पृष्ठभागाशी शून्य. म्हणजे घोट्याला सर्वांत जास्त, वर जावे तसा कमी. हीच उतरती रचना कापडात आणून त्याने 1950 च्या दशकात प्रत्येकाच्या मापाचे मोजे बनवले. त्यानंतर ‘घट्ट’ या शब्दाला आकडा मिळाला. आज सौम्य मोजे साधारण 15 ते 20 मिलिमीटरचे असतात.

1970 च्या दशकाच्या आरंभी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनच्या श्रायनर्स रुग्णालयात भाजलेल्या मुलांवर उपचार करणाऱ्या ड्वेन लार्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सततच्या दाबाखाली जाड, उचललेले व्रण सपाट होतात. हे कपडे दिवसाचे 23 तास, महिनोन्‌महिने घालायचे. त्यासाठी बाह्या, बंड्या, विजारी, चेहऱ्याचे मुखवटे शिवावे लागले. पायापुरता असलेला उपाय धडावर आला तो असा. कापडही हाताशी होते. ड्युपाँ कंपनीतील जोसेफ शिव्हर्स याने 1958 मध्ये स्पँडेक्स हा धागा घडवला होता, तोच पुढे लायक्रा म्हणून गाजला. कॉर्सेटमधल्या रबराला पर्याय म्हणून तो शोधला गेला, आणि थोड्याच वर्षांत कॉर्सेटची फॅशनच ओसरली!

चरबी काढण्याचे पहिले धाडस महाग पडले होते. पॅरिसमध्ये 1921 साली शार्ल दुजारिए याने एका नर्तिकेच्या पायांतली चरबी खरवडून काढली. पाय सडला आणि कापावा लागला. नंतर अनेक दशके कोणी त्या वाटेला फारसे गेले नाही. 1970 च्या दशकाच्या मध्यास रोममध्ये जॉर्जो व आर्पाद फिशर या पितापुत्रांनी शोषणनळीचा वापर सुरू केला आणि 1977 पासून पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ याने बोथट टोकाची नळी रूढ केली. सुरुवातीस शस्त्रक्रियेनंतर लवचीक चिकटपट्टी थेट अंगावर ताणून लावत. ती निघताना फोड येत, कधी कातडीही निघे. हळूहळू तिची जागा कॉर्सेटच्या घाटाच्या, बाजूला चेन आणि हूक असलेल्या, शौचासाठी खाली उघड्या ठेवलेल्या लायक्राच्या वस्त्राने घेतली.

कॅलिफोर्नियाचे त्वचाविकारतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने पट्ट्याचे कामच बदलले. भूल देणारे लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आवळणारे अॅड्रिनॅलिन पुष्कळ पाण्यात मिसळून ते चरबीत भरायचे. रक्तस्राव अगदी कमी झाला, पण भरलेले बरेचसे पाणी शरीरात उरू लागले. क्लाइन यांनी छिद्रे टाके न घालता उघडीच ठेवली, वर शोषक गाद्या लावल्या आणि पाणी गळत असेपर्यंतच जोरदार दाब दिला. गळती थांबली की सौम्य दाब, नाहीतर काहीच नाही. जास्त दिवस आवळून ठेवले तर लसीका आणि शिरांचा परतीचा प्रवाह अडतो व सूज उलट रेंगाळते, असा त्यांचा युक्तिवाद.

तो सर्वांनी मानला नाही. अनेक शल्यविशारद आजही चार ते सहा आठवडे पट्टा सांगतात, काही दोन-तीनच. या मुदतींमागे पुराव्यापेक्षा गुरूकडून शिष्याकडे आलेली सवय जास्त आहे. दाबाचेही तसेच. मोज्यावर आकडा असतो. धडाच्या पट्ट्यावर पुष्कळदा फक्त लहान, मध्यम, मोठा. शिवाय तेच कापड सारख्याच ताणाने ओढले तरी पिंढरीसारख्या कमी घेराच्या भागावर जास्त दाबते आणि पोटासारख्या रुंद, सपाट भागावर कमी. म्हणून पोटावर आतून फोमची गादी ठेवतात. बसल्यावर कंबरेशी कापडाची गुंडाळी होते आणि तिथेच दाब एकवटून त्वचेवर खळगा उमटतो, कधी फोड येतो. मुंबईच्या दमट हवेत घामाने खाज आणि पुरळ हा वेगळाच ताप, म्हणून आलटून-पालटून धुवायला दोन पट्टे घ्यायला सांगतात. पहिल्यांदा पट्टा उतरवताना दाब एकाएकी जातो आणि रुग्णाला भोवळ येऊ शकते. त्यामुळे आधी काही खाऊन, बसून, जवळ कोणी असताना तो सावकाश उघडायचा असतो.