आगीचा बंब आणि विहिरीचे पाणी

बंब म्हटले की गावाकडच्या माणसाला आधी आठवतो तो न्हाणीघरातला तांब्याचा बंब. मुंबईच्या पोराला आठवते घंटा वाजवीत धावणारी लाल गाडी. पोर्तुगीज भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पाणी उपसण्याचा पंप; आपला शब्द त्याच घराण्यातला. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे ज्या साष्टी बेटावर वसली, तिथे चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेपर्यंत पोर्तुगीजांचाच अंमल होता. तेव्हा हे नाव मुळात पंपाचे आहे, गाडीचे नव्हे, एवढे ध्यानात ठेवा.

याचे कारण असे, की जुना बंब दुरुस्त करून, रंग देऊन कुठे उभा केला की लोक घंटा बघतात, पितळी शिरस्त्राण बघतात, लाकडी शिडी बघतात. मागच्या पंपाकडे कोणी वळत नाही. आणि सगळा इतिहास तर त्या पंपातच आहे!

१८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटात मोठी आग लागली आणि शहराचा बराच भाग जळाला. त्या काळचा बंब हाताचा. दोन्ही बाजूंना लांब दांडे. माणसांनी ते आळीपाळीने खालीवर करायचे. दमली की दुसरी माणसे. पुढे वाफेचा बंब आला. तो घोडे ओढीत, आणि बाष्पकाखाली जाळ घालून वाटेतच वाफ धरायची! आग विझवायची तर आधी आग पेटवायची, अशी ही गंमत. १८८७ साली मुंबईत पूर्ण वेळेचे अग्निशमन दल उभे राहिले. त्याआधी हे काम पोलिसांच्या गळ्यात असे. १९०७ मध्ये पहिला मोटारबंब आला, आणि १९२० च्या सुमारास घोडे सुटले. मोटारबंबात एकच इंजिन दोन कामे करी: आधी चाके फिरवायची आणि जागेवर पोचल्यावर पंप.

पण पंपाला पाणी हवे ना? मुंबई शहराला १८६० पासून विहार तलावाचे आणि १८७९ पासून तुळशीचे पाणी नळाने मिळू लागले. हे दोन्ही तलाव साष्टीच्या डोंगरांत, म्हणजे उपनगरांच्या अंगणातच. पाणी मात्र चालले शहराकडे; साष्टीतली खेडी पुष्कळ काळ विहिरींवर आणि तळ्यांवरच राहिली. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली मुंबई महापालिकेत आली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली.

विहिरीवर बंब लावला, की निसर्गाचा एक कायदा आडवा येतो. शिक्षकांनी हा मुलांना जरूर सांगावा. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण खरे पाहता तो नळीतली हवा काढतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर असलेला बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब फार तर ३४ फूट पाणी चढवील. प्रत्यक्षात पंचवीसच्या आसपास गाडी अडते. मग इंजिन कितीही दांडगे असो. शेतकऱ्याला हे सांगायला नकोच. पाणी खोल गेले की तो इंजिनच विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवून बसवतो. आगीचा बंब असा कुठे उतरवणार? वैशाखात पाणी तळाला गेले, की भरल्या विहिरीवर चालणारा बंब काठावर नुसताच धडधडत राहायचा.

म्हणून त्याच्या नळ्या दोन जातींच्या. विहिरीत सोडायची नळी जाड, आत तारेचे वेटोळे घातलेली, म्हणजे हवा काढल्यावर ती चेपत नाही. तिच्या टोकाला जाळी, पाने आणि चिखल अडवायला. आगीकडे जाणारी नळी मऊ, जाडया कापडाची. रिकामी असली की चपटी. भिजल्यावर तिचे धागे फुगतात आणि गळती कमी होते. ओली गुंडाळून ठेवली तर कुजते. म्हणून जुन्या बंबखान्यांत नळ्या टांगून वाळवायला उंच मनोरे असत.

पाणी मुबलक असूनही घात होतो, हेही मुंबईने पाहिले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापूस पेटला. त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. बंबवाले पाण्याचा मारा करीतच होते. दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला प्रचंड स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.

त्या पिढीचा एखादा बंब पुन्हा उभा करायचा तर माझ्या मते त्याची परीक्षा रंगावरून करू नये. विहिरीत सोडायच्या नळीचे टोक घट्ट झाकावे, झडपा बंद करून हवा काढायला लावावी आणि काट्याकडे बघत राहावे. काटा खाली जाऊन तिथेच टिकला, तर सांधे घट्ट आहेत. परत वर सरकू लागला, तर कुठेतरी हवा शिरते आहे. कारागिराने पाना घेऊन पहिल्या सांध्यापासून पुन्हा सुरुवात करावी.