लग्नाचे वय : कायदा आणि आपण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. नववीतील एका विद्यार्थिनीचे वडील मला भेटायला शाळेत आले. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले, "सर, मुलीला चांगलं स्थळ आलंय. मुलगा आखातात नोकरीला आहे. दाखल्यावर जन्मतारीख तेवढी तीन वर्षं मागे करून द्या." शाळेच्या रजिस्टरातील नोंद मला बदलता येत नाही, असे मी त्यांना सांगितले. ते सलाम करून निघून गेले. परीक्षेला ती मुलगी आली नाही. परगावी नातेवाइकांकडे तिचा निकाह झाल्याचे मागाहून कळले.

नियम सांगितला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे त्या दिवशी मला वाटले होते. ते किती अपुरे होते, हे या कायद्याचा इतिहास वाचताना ध्यानात आले. तो इतिहास पालकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या देशात या प्रश्नाला प्रथम हात घातला गेला तो लग्नाच्या वयाच्या नव्हे, तर पतिपत्नीच्या सहवासाच्या वयाच्या निमित्ताने. १८६० च्या दंडविधानाने ती मर्यादा मुलीसाठी अवघी १० वर्षे ठेवली होती. १८८४ मध्ये मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्ध मोहीम सुरू केली. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. वयाच्या ११ व्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम १८८७ मध्ये झाला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या सहवासामुळे मरण पावली. देश हादरला आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने १० ची मर्यादा १२ वर नेली. लोकमान्य टिळकांनी या कायद्याला कडवा विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये, सुधारणा समाजाने स्वतः करावी, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये आपल्या संस्थानात बालविवाहाला बंदी केली. मुलीसाठी १२ आणि मुलासाठी १६ ही मर्यादा होती. विशेष म्हणजे १९०६ मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. नुसता कायदा पुरत नाही, त्याच्या जोडीला शाळा हवी, हे त्या राजाने ओळखले होते.

ब्रिटिश हिंदुस्थानात लग्नाचे किमान वय ठरविणारा कायदा आला तो १९२९ मध्ये. हरबिलास सारडा यांनी १९२७ मध्ये मांडलेले विधेयक फक्त हिंदूंपुरते होते. पुढे ते सर्व धर्मीयांना लागू करण्यात आले. मुलीचे वय १४, मुलाचे १८. सप्टेंबर १९२९ मध्ये विधेयक मंजूर झाले, पण अंमल १ एप्रिल १९३० पासून होता. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी घाईघाईने लहान मुलांची लग्ने उरकून घेतली! कायदाही दुबळाच होता. लग्न लावणाऱ्याला फार तर एक महिन्याची साधी कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. तक्रार करणाऱ्याकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा जामीन घेण्याची तरतूद होती. शिवाय झालेले लग्न कायदेशीरच राही.

या वेळी मुस्लिम समाजात दोन मते होती. मौलाना महंमद अली यांच्यासारख्या नेत्यांनी कायद्याला विरोध केला. शरियतमध्ये इंग्रज सरकारने ढवळाढवळ करू नये, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १८९१ मध्ये टिळक जे म्हणत होते, तेच हे नव्हे काय? परसत्तेविषयीचा अविश्वास दोन्ही समाजांत सारखाच होता. उलट बॅरिस्टर जिना यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयकाला पाठिंबा दिला. बडोद्याचे न्यायाधीश अब्बास तय्यबजी यांच्या कन्या शरीफा हमीद अली यांनी कायद्याच्या बाजूने प्रचार केला. याच बाई १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या.

लग्नाच्या वयाला मर्यादा ही कल्पना मुस्लिम जगाला परकी होती, असेही नाही. १९१७ च्या उस्मानी तुर्की कायद्याने मुलीसाठी १७ आणि मुलासाठी १८ वर्षे ठरविली. त्याहून लहान असल्यास न्यायालयाची परवानगी लागे. १९२३ मध्ये इजिप्तने १६ आणि १८ च्या आतील विवाहांची नोंद करण्यास मनाई केली. आपल्याकडील १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानेही एक हक्क दिला. वडिलांनी किंवा पालकाने पंधरा वर्षांच्या आत निकाह लावून दिला असेल आणि सहवास झाला नसेल, तर मुलीला अठरा पूर्ण होण्यापूर्वी तो नाकारता येतो. हा हक्क आपल्यापैकी किती मुलींना ठाऊक आहे?

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुलीचे वय १५ झाले आणि १९७८ मध्ये मुलीचे १८ व मुलाचे २१. २००६ च्या नव्या कायद्याने शिक्षा वाढविली आणि बालपणी झालेला विवाह रद्द करून घेण्याची सोय केली. या कायद्याचा आणि व्यक्तिगत कायद्याचा मेळ कसा घालावा, याविषयी उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. मात्र पत्नी अठरा वर्षांखालील असेल तर तिच्याशी सहवास हा गुन्हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. मुलीचे वय २१ करणारे विधेयक २०२१ मध्ये आले होते, पण लोकसभेची मुदत संपताच ते रद्दबातल झाले.

आता एक गोष्ट पाहा. १८ हा आकडा १९७८ पासून बदललेला नाही. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये शेकडा ४७ होते, ते २०१९-२१ मध्ये शेकडा २३ वर आले. महाराष्ट्रात ते शेकडा २२ च्या आसपास आहे. आकडा तोच राहिला आणि लग्ने लांबली. माझ्या मते याचे मोठे श्रेय शाळेला आहे. वर्गात बसलेल्या मुलीचे लग्न ठरविताना घरचे दहादा विचार करतात. घरी बसविलेल्या मुलीसाठी मात्र दुसऱ्याच महिन्यापासून स्थळे येऊ लागतात.

पालकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. हायस्कूल लांब असते, एस.टी. वेळेवर येत नाही, मुलगी परत येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो, आणि चांगले स्थळ पुन्हा येईल याची खात्री कोण देणार? या अडचणी खोट्या नाहीत. पण त्यांवरचा उपाय खोटी जन्मतारीख हा नव्हे. चार घरच्या मुली मिळून रिक्षा ठरविता येते, शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो, जमातीत विषय काढता येतो. यांपैकी एकही गोष्ट मी त्या वडिलांना त्या दिवशी सुचविली नाही. आता आठवीतील एखादी मुलगी चार दिवस सलग गैरहजर राहिली, की मी तिच्या घरी जातो.

विद्यार्थिनींना एवढेच सांगणे, की आपली खरी जन्मतारीख पाठ ठेवा आणि मनातले घरी आदराने पण स्पष्ट बोला. आणि पालकहो, दाखला मागायला येण्यापूर्वी एकदा नुसते बोलायला या. स्थळ थांबू शकते. नववीचे वर्ष मात्र मुलीच्या आयुष्यात पुन्हा येत नाही.