किडनीच्या रुग्णाचा खुराक : ‘डाळ बंद’ हा सल्ला आला कुठून?

किडनीचा जुना आजार आहे असं कळलं की आपल्याकडे घरात सगळ्यात आधी डाळ बंद होते. मग दूध, अंडी, मटण, उसळी एकेक करून जातात. ताटात उरतो भात, थोडी भाजी आणि साबुदाण्याची पेज. काही महिन्यांनी रुग्ण तपासायला येतो तेव्हा शर्ट ढगळ झालेला असतो, दंड बारीक झालेले असतात आणि खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो. सोबतचे नातेवाईक अभिमानाने सांगतात, “डॉक्टर, पथ्य एकदम कडक पाळलंय.”

कोल्हापुरात हे जास्तच खटकतं. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागचं मैदान उभं केलं, आणि ‘खुराक’ हा शब्द इथल्या घराघरात रुजला. तालमीत जाणाऱ्या पोराला दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण लागतं, आणि नुसता खुराक पुरत नाही, मेहनतही लागते, हे इथल्या आजीलाही ठाऊक असतं. त्याच घरात किडनीचा रुग्ण असेल तर मात्र त्याचा खुराकही बंद होतो आणि हालचालही.

हा सल्ला निव्वळ गैरसमजातून आलेला नाही. त्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. अडचण अशी की त्या इतिहासाची पहिली पानं घरोघरी पोचली आणि पुढची पोचलीच नाहीत.

चमचा आणि मेणबत्ती

1827 मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरांनी अंगावर सूज असलेल्या रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवली की काहींच्या लघवीत पांढरा साका यायचा. ते अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन होतं. अशा रुग्णांच्या किडन्या मृत्यूनंतर खराब झालेल्या दिसत. पुढे बरीच वर्षं हा आजार ‘ब्राइटचा आजार’ या नावानेच ओळखला जात होता.

मग प्रश्न आला खायला काय द्यायचं याचा. प्रथिनं खाल्ली की शरीरात युरिया तयार होतो आणि तो बाहेर टाकायचं काम किडनीचं. किडनी थकलेली असेल तर तिचं काम कमी करावं, हा विचार सरळ होता. 1869 मध्ये लंडनच्या लायोनेल बील यांनी प्रथिनं कमी करण्याचा सल्ला दिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्रान्झ फोलहार्ड यांना दिसलं की प्रथिनं कमी केली की रक्तातला युरिया उतरतो आणि रुग्णाचा त्रासही कमी होतो. अमेरिकेत थॉमस ॲडिस यांनी ‘किडनीला विश्रांती द्या’ हाच विचार आयुष्यभर मांडला. त्याच काळात वॉल्टर केम्पनर यांचा भात, फळं आणि साखर असा ‘राइस डाएट’ गाजला. त्यात दिवसाला जेमतेम 20 ग्रॅम प्रथिनं असत.

1963-64 च्या सुमारास इटलीत जॉर्डानो आणि जोव्हानेत्ती यांनी याला शास्त्रीय बैठक दिली. प्रथिनं फार थोडी, पण शरीराला अत्यावश्यक असलेली अमिनो आम्लं मात्र पुरेशी, असा तो आहार होता. उलट्या, मळमळ, खाज कमी झाली आणि काही रुग्ण आणखी काही महिने जगले.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. तेव्हा बहुतेकांना डायलिसिस मिळत नव्हता, त्यामुळे या आहाराला दुसरा पर्याय होता तो मृत्यूचाच. आणि या डॉक्टरांनी प्रथिनं कापली, तरी पोट उपाशी ठेवलं नव्हतं. साखर, पिष्ट पदार्थ, लोणी यांतून उष्मांक पुरेसे दिले होते. आपल्या घरी येता येता ‘प्रथिनं कमी’ एवढं पोचलं आणि ‘उष्मांक पूर्ण’ वाटेतच गळालं.

यंत्र आलं, नियम बदलला

दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी कृत्रिम किडनीचं पहिलं वापरण्याजोगं यंत्र बनवलं. 1960 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांना कायमची नळी जोडायची युक्ती काढली आणि वर्षानुवर्षं डायलिसिस करणं शक्य झालं.

महाराष्ट्रात सर्वसामान्य माणसाच्या कानावर हा शब्द ठळकपणे पडला तो जयप्रकाश नारायण यांच्या आजारपणात. जून 1975 मध्ये आणीबाणीत त्यांना अटक झाली. चंदीगडला स्थानबद्ध असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आलं. पुढे 8 ऑक्टोबर 1979 रोजी पाटण्यात निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर होते. तेव्हा ही दुर्मीळ गोष्ट होती. आज महात्मा फुले जन आरोग्य योजनेतूनही डायलिसिस होतो.

डायलिसिस सुरू झाला की आहाराचं गणित उलटं होतं. युरियासोबत रक्तातली अमिनो आम्लंही वाहून जातात, एका वेळी साधारण 6 ते 12 ग्रॅम. ती भरून काढावी लागतात. 1990 मध्ये अमेरिकेत डायलिसिसवरच्या 12 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांच्या रक्तात अल्ब्युमिन कमी, त्यांना मृत्यूचा धोका कितीतरी जास्त, असं दिसलं. अल्ब्युमिन फक्त कमी खाण्याने उतरत नाही, शरीरातल्या दाहानेही उतरतं. तरी या रुग्णांच्या पोषणाकडे गंभीरपणे पाहायला हवं, हे सर्वांना कळलं.

स्नायू जातात कुठे?

1980 नंतर विल्यम मिच आणि इतर संशोधकांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. किडनी कमजोर झाली की रक्तात आम्ल साठतं आणि ते आम्ल स्नायू मोडणारी यंत्रणा चालू करतं. त्यात भूक मंदावते, दाह वाढतो, इन्सुलिन नीट काम करत नाही आणि माणूस अंथरूण धरतो. 2008 मध्ये तज्ज्ञांनी या झिजेला ‘प्रथिन-ऊर्जा झीज’ असं वेगळं नाव दिलं.

पोटभर उष्मांक मिळाले नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू जाळतं. त्यातूनही युरिया, आम्ल आणि पोटॅशियम रक्तात येतंच. म्हणजे ताटातलं मटण बंद केलं, आणि शरीर स्वतःचंच मांस खाऊ लागलं. किडनीचा भार होता तिथेच राहिला.

यात एक फसगतही आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायू झडले की रिपोर्टमधला क्रिएटिनिनचा आकडा थोडा उतरू शकतो. घरच्यांना वाटतं पथ्याचा गुण आला. वजन आणि ताकद उतरत असताना क्रिएटिनिन उतरलं तर आनंद मानू नका, डॉक्टरांना सांगा.

मग आज काय मानतात?

1994 मध्ये अमेरिकेत 840 रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात कमी प्रथिनांचा फायदा अपेक्षेइतका ठळक दिसला नाही. म्हणून आज मधला मार्ग आहे. डायलिसिस नसलेल्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.6 ते 0.8 ग्रॅम प्रथिनं, आणि डायलिसिसवरच्या रुग्णाला 1 ते 1.2 ग्रॅम. 60 किलोच्या माणसाला पहिल्या अवस्थेत 36 ते 48 ग्रॅम, तर दुसऱ्या अवस्थेत 60 ते 72 ग्रॅम. वयस्कर, आधीच खंगलेल्या रुग्णावर प्रथिनांची कडक बंधनं घालू नयेत, असंही आता सांगितलं जातं. प्रथिनं कमी करायची तर उष्मांक पुरेसे हवेतच.

अंदाजासाठी : एका अंड्यात 6 ग्रॅम, एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन, पेलाभर दुधात 6 ते 7, वाटीभर वरणात 5 ते 6 ग्रॅम प्रथिनं असतात. भाकरीतही थोडी असतात, तीही मोजा.

कोल्हापूरकरांसाठी एक खास सूचना. मटण शिजताना त्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस बरंचसं पाण्यात उतरतं. तांबड्या-पांढऱ्या रश्शात ते आणि मीठ दोन्ही भरपूर, वर खोबरं, तीळ, खसखस. तेव्हा ठरवून दिलेले फोडीचे तुकडे खा, रश्श्याच्या वाट्या मात्र दुसऱ्याला द्या. ऊर्जा हवी म्हणून गूळ आणि उसाचा रसही मनाने वाढवू नका, त्यांतही पोटॅशियम असतं.

आणि मेहनत? 2001 मध्ये बॉस्टनला किडनीच्या 26 रुग्णांवर 12 आठवड्यांचा प्रयोग झाला. सगळेच कमी प्रथिनांच्या आहारावर होते. ज्यांनी वजनाचे व्यायाम केले त्यांचे स्नायू टिकले आणि ताकद वाढली. 2009 मध्ये लंडनमधल्या 134 रुग्णांच्या अभ्यासात सोड्याच्या गोळ्यांनी आम्ल कमी केल्यावर आजाराची गती मंदावली आणि पोषणही सुधारलं. या गोळ्यांत सोडियम असतं, म्हणून त्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका.

पुढच्या वेळी तपासणीला जाल तेव्हा चार प्रश्न लिहून न्या. माझ्या अवस्थेत रोज किती ग्रॅम प्रथिनं? उष्मांक किती? रक्तातलं बायकार्बोनेट किती आहे? कोणता व्यायाम चालेल? दर महिन्याला सूज नसताना वजन करा. हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं तेही मोजा आणि वहीत लिहा. हा आकडा घसरू लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि हा लेख वाचून ताट स्वतःच बदलू नका, ते तुमचे किडनीतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ मिळून बदलतील.