रात्री आठ ते बारा

मंगळवार, 24 मार्च 2020. रात्री आठला पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि बाराला ती लागू झाली. एवढं सगळ्यांना आठवतं. पण त्या चार तासांच्या आधीही तास होते, दिवस होते. त्यांत कोणाला किती मुदत मिळाली, याचा हिशेब नीट मांडायला हवा. साथ आली की सरकारला भरभर पावलं टाकावी लागतात, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न इतकाच आहे की ती टाकताना कोणाचं नाव यादीत होतं आणि कोणाचं नव्हतं.

पंधरा दिवस बाकी. सोमवार, 9 मार्च

दुबईची सहल करून आलेलं पुण्यातलं एक जोडपं नायडू रुग्णालयात दाखल झालं. कोरोनाची तपासणी पॉझिटिव्ह आली. महाराष्ट्रातले हे पहिले दोन रुग्ण. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी, विमानातला एक सहप्रवासी आणि मुंबईहून त्यांना पुण्याला घेऊन आलेला टॅक्सीचालक, हे तिघेही बाधित निघाले. सहलीला चाळीस जण गेले होते. त्यांचा माग काढायला यंत्रणा धावली आणि तिला ते जमलं, कारण नोंदी होत्या. सहलीची यादी होती, पासपोर्ट होते, विमानातले आसन क्रमांक होते. आरोग्य खात्याच्या त्या कामाला मी आजही मनापासून दाद देतो. ज्याची नोंद आहे, त्याच्यापर्यंत सरकार एका दिवसात पोचू शकतं, हे त्या सोमवार-मंगळवारने दाखवलं.

अकरा दिवस बाकी. शुक्रवार, 13 मार्च

मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विधानसभेत साथरोग कायदा लागू केल्याचं सांगितलं. मोठ्या शहरांतली चित्रपटगृहं, व्यायामशाळा, तरणतलाव बंद. कायदा 1897 चा, मुंबईत प्लेग शिरल्यावर इंग्रजांनी घाईघाईने केलेला, इनमिन चार कलमांचा. पुणेकरांना त्याची ओळख करून द्यायला नको. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे सोल्जर घराघरांत शिरले, माणसं रस्त्यावर काढून तपासली, सामान जाळलं. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. प्लेगचा बंदोबस्त करायलाच हवा होता. तो लोकांना विश्वासात न घेता झाला, म्हणून शहर पेटलं.

65 तास बाकी. रविवार, 22 मार्च, सकाळी 7

जनता कर्फ्यू सुरू झाला. सकाळी सात ते रात्री नऊ.

त्याआधीच्या शुक्रवारी राज्य सरकारने मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथली दुकानं, कार्यालयं 31 मार्चपर्यंत बंद केली होती. त्या रात्री आणि शनिवारी पुणे स्टेशन आणि कुर्ल्याचं टर्मिनस माणसांनी ओसंडून वाहत होतं. डोक्यावर गोधडीची वळकटी, हातात रंगाच्या रिकाम्या डब्यात भरलेला संसार, कडेवर पोर. टीव्हीवर ही गर्दी दाखवून ‘बेजबाबदार’ म्हणणारे कमी नव्हते. मला वाटतं, त्या दोन दिवसांत सगळ्यांत शहाणपणाने वागले ते हेच लोक. काम बंद झालं की चार दिवसांत पीठ संपतं आणि पंधरा दिवसांत खोलीचं भाडं थकतं, हे त्यांना पाठ होतं. ज्यांना गाडी मिळाली, ते वाचले.

रविवारी रेल्वेने जाहीर केलं की देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या 31 मार्चपर्यंत बंद.

55 तास बाकी. रविवार, संध्याकाळी 5

थाळ्या वाजल्या, शंख फुंकले गेले, टाळ्या झाल्या. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्यासाठी ते होतं आणि अनेकांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. काही ठिकाणी मात्र माणसं घोळक्याने रस्त्यावर उतरली आणि दिवसभर पाळलेलं अंतर पाच मिनिटांत धुऊन गेलं.

48 तास बाकी. रविवार, मध्यरात्र

मुंबईची लोकल थांबली. रोज 70-80 लाख माणसं वाहणारी लोकल. गणपती असोत, दंगल असो, बॉम्बस्फोट होवोत, ती दुसऱ्या दिवशी धावते, ही मुंबईकराची श्रद्धा होती. सर्वसामान्यांना ती पुन्हा मिळाली 1 फेब्रुवारी 2021 ला, तीही ठरावीक वेळांत.

सोमवार, 23 मार्च

राज्यभर संचारबंदी लागू झाली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. महाराष्ट्रातल्या मजुराची परतीची वाट खरं तर इथेच संपली. मंगळवारच्या घोषणेने त्यावर कुलूप पडलं, एवढंच. त्याच सोमवारी पुण्यातल्या मायलॅबच्या तपासणी किटला मंजुरी मिळाल्याची बातमीही आली. देशात तयार झालेलं ते पहिलं किट. प्रयोगशाळेतली माणसं रात्रंदिवस राबत होती, हेही या घटनाक्रमात लिहून ठेवलं पाहिजे.

दहा तास बाकी. मंगळवार, 24 मार्च, दुपारी 2

अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषद घेतली. प्राप्तिकराचं राहिलेलं विवरणपत्र भरण्याची मुदत 31 मार्चवरून 30 जूनपर्यंत वाढली. आधार-पॅन जोडणीलाही 30 जून. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढल्यास तीन महिने शुल्क नाही. खात्यात किमान शिल्लक नसली तरी दंड नाही.

माझं विवरणपत्र राहिलं होतं. हे ऐकून मला हायसं वाटलं, आणि त्यात काही चूक आहे असं तेव्हा मनातही आलं नाही. आज हे लिहिताना ती दुपार टोचते. साथ आली म्हणून मला तीन महिन्यांची मुदत मिळाली, कारण मी सरकारच्या वहीत होतो.

चार तास बाकी. मंगळवार, रात्री 8

पंतप्रधान नरेंद्र मोदी पडद्यावर आले. आज रात्री बारापासून संपूर्ण देश बंद. एकवीस दिवस. दाराबाहेर लक्ष्मणरेषा आखली आहे असं समजा. आरोग्य व्यवस्थेसाठी 15 हजार कोटी रुपये.

त्या दिवशी देशात रुग्ण होते पाचशेच्या आसपास, महाराष्ट्रात शंभराच्या वर. इटलीत मृतांचा आकडा साडेसहा हजारांवर गेला होता. आपल्याकडे व्हेंटिलेटर किती, खाटा किती, याचा विचार केला तर भीती खोटी नव्हती. टाळेबंदीने रुग्णालयांना सज्ज व्हायला काही आठवडे मिळाले, हे मी नाकारणार नाही. पण 30 जानेवारीला केरळात देशातला पहिला रुग्ण सापडला, त्याला तोवर 54 दिवस झाले होते. त्या दिवसांतले चार जरी मजुरांच्या गाड्यांसाठी राखून ठेवले असते, तर माणसं घरी पोचली असती; आजार तेव्हा गावोगाव पोचलेला नव्हता. तो नंतर पोचला, मे महिन्यात, शहरांत साथ भडकल्यावर त्याच माणसांना घरी सोडताना.

रात्री 8.40

भाषण संपताच आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या दुकानापुढे झुंबड उडाली. काय सुरू राहणार याची यादी गृह मंत्रालयाच्या आदेशात होती. किराणा, दूध, भाजी, औषधं सगळं त्यात होतं. घाबरून जाऊ नका, असं आवाहनही पंतप्रधानांनी ट्विटरवरून केलं. पण कानात फक्त ‘बंद’ एवढाच शब्द शिरला होता. दुकानाचं शटर अर्धं खाली. दारात दुसऱ्या दिवशीच्या पाडव्यासाठी लावलेल्या साखरेच्या गाठी तशाच लटकत होत्या. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

माझ्या पुढे मागच्या बांधकामावरचे तिघे उभे होते. पत्र्याच्या खोल्यांत राहणारे. मुकादम दर रविवारी खर्ची देतो, त्यावर त्यांचा आठवडा चालतो. या रविवारी जनता कर्फ्यू, म्हणून मुकादम आलाच नव्हता. तिघांनी खिसे उलटे केले आणि नोटा दुकानाच्या काउंटरवर पसरल्या. त्यातल्या सगळ्यांत लहानाने आधी मोबाइलचं रिचार्ज मागितलं. दुकानदार म्हणाला, “आधी पीठ घे बाबा, संपत आलंय.” त्याने मान हलवली. घरी फोन लागला नाही तर आई वेडी होईल, म्हणाला. शेवटी पाच किलो पीठ, दोन किलो बटाटे, पाव लिटर तेल आणि एकाच फोनचं रिचार्ज, एवढ्यात त्यांचे पैसे संपले.

त्या पोराने मला विचारलं, “साहेब, गाडी कधी सुरू होईल?”

“एकतीस तारखेनंतर,” मी सांगितलं. तेवढंच मला माहीत होतं. ते खोटं ठरलं.

मध्यरात्र

देशांतर्गत विमानंही एक मिनिट आधी थांबली होती. गल्लीतलं शेवटचं शटर खाली आलं.

बुधवारी सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या. ज्याला गाठी मिळाली नाही त्याने नुसता कडुनिंबाचा डहाळा बांधला. मागच्या पत्र्याच्या खोल्यांतून चुलीचा धूर निघत होता. मुकादमाचा फोन बंद लागत होता.

नंतरचे दिवस

गुरुवारी, 26 मार्चला, केंद्राने 1 लाख 70 हजार कोटींची गरीब कल्याण योजना जाहीर केली. रेशनकार्डावर माणशी पाच किलो जादा धान्य फुकट मिळणार होतं. पण परप्रांतीय मजुराचं रेशनकार्ड गावी असतं, घरच्यांच्या पोटासाठी. पोट इथे, कार्ड तिथे. राज्याने शिवभोजन थाळी पाच रुपयांना केली, मदत केंद्रं उघडली. गुरुद्वारांचे लंगर, गणेश मंडळं, सोसायटीतल्या बायकांनी लाटलेल्या पोळ्या, यांनी हजारो पोटं भरली. आपल्या समाजाने तेव्हा जे केलं, त्याचा मला अभिमान आहे.

गावांनीही दोन्ही रूपं दाखवली. वेशीवर आडवी झाडं टाकून मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्याच पोरांना चौदा दिवस शाळेत ठेवणारं गाव, आणि त्याच वेशीवर पायी चाललेल्या परक्या माणसाला भाकरी-ठेचा देणारंही तेच गाव. आशाताई तोंडाला ओढणी बांधून दारोदार फिरत होत्या, कोण आलं, कोणाला ताप आहे, वहीत लिहून घेत होत्या. सरकारपाशी माणसांची खरी नोंद होती ती या बायांच्या वहीत.

कायदा नव्हता असंही नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा 1979 चा. परराज्यांतले पाच किंवा अधिक मजूर आणणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, मजुरांची नोंद करावी, असं तो सांगत होता. चाळीस वर्षं तो कागदावरच राहिला. तो पाळला असता तर 9 मार्चला टॅक्सीचालकाचा माग जसा लागला, तसा 24 मार्चला पत्र्याच्या खोल्यांचा लागला असता.

14 एप्रिलला टाळेबंदीची मुदत 3 मेपर्यंत वाढली आणि त्याच दुपारी वांद्रे स्टेशनबाहेर घरी जाऊ द्या म्हणून हजारोंचा जमाव जमला. लाठ्या चालल्या. श्रमिक गाड्या सुटल्या त्या 1 मेपासून. त्यासाठी अर्ज, डॉक्टरचा दाखला, पोलीस ठाण्यात यादी. ज्यांची आयुष्यभर कुठे नोंद नव्हती, त्यांना घरी जाण्यासाठी आता नोंद करायची होती.

गुरुवार, 7 मे, संध्याकाळी 7

जालन्याच्या पोलाद कारखान्यातले वीस मजूर चालायला लागले. सगळे मध्य प्रदेशातले, शहडोल आणि उमरिया भागातले. परवानगीसाठी अर्ज केले होते, उत्तर आलं नाही, असं त्यांच्यातल्या वाचलेल्यांनी सांगितलं. भुसावळहून गाडी मिळेल अशी आशा होती. रस्त्यावर पोलीस अडवतात म्हणून त्यांनी रुळांची वाट धरली. बरोबर रात्रभरासाठी बांधून घेतलेल्या पोळ्या.

शुक्रवार, 8 मे, पहाटे सव्वापाच

पस्तीस-चाळीस किलोमीटर चालून पाय गळून गेले, तेव्हा बदनापूर आणि करमाडच्या मध्ये ते रुळांवरच आडवे झाले. गाड्या बंद आहेत, हे तर सरकारनेच सांगितलं होतं. मालगाड्या चालू होत्या. चालकाने थांबवण्याचा प्रयत्न केला, गाडी थांबली नाही. सोळा जण गेले. उजाडल्यावर खडीत पोळ्या विखुरलेल्या दिसल्या, एखाददुसरी चप्पल दिसली.

जिवंतपणी ज्यांना गाडी मिळाली नाही, त्यांचे मृतदेह औरंगाबादहून विशेष रेल्वेने मध्य प्रदेशात पाठवण्यात आले.

सोमवार, 14 सप्टेंबर

केंद्रीय कामगार मंत्रालयाने लोकसभेत लेखी उत्तर दिलं. एक कोटी चार लाखांहून जास्त स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचा आकडा त्यात होता. टाळेबंदीत घरी जाताना किती मजूर मेले, या प्रश्नाला उत्तर होतं: अशी माहिती ठेवलेली नाही.