प्रस्तावना : दुर्बल बलाच्या अभ्यासाआधी

निसर्गातली मूलभूत बले चार, हे शाळेतच शिकवले जाते. गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय बल, अणुकेंद्र बांधून ठेवणारे प्रबल बल आणि चौथे दुर्बल बल. पहिल्या तिघांवर पानेच्या पाने लिहिली जातात. चौथ्याच्या वाट्याला कोष्टकातली एक ओळ येते: पल्ला अत्यल्प, किरणोत्साराशी संबंधित. नावच दुर्बल, तेव्हा विद्यार्थी तिथे फार वेळ थांबत नाही. त्याने थांबावे, म्हणून ही प्रस्तावना. माझ्या मते चौघांत सर्वांत विलक्षण बल हेच आहे. त्याच्यापाशी पोहोचायला एकच प्रश्न हाती धरला तरी पुरतो. याला दुर्बल म्हणतात ते नेमके कोणत्या अर्थाने? प्रश्न भाबडा नाही. दोन कणांमधले गुरुत्वाकर्षण याच्यापेक्षा कितीतरी पटींनी क्षीण असते, तरी दुर्बल हे विशेषण त्याला कोणी लावलेले नाही.

नाव रुळले ते प्रामुख्याने मंदपणामुळे. पायॉन या कणांचे उदाहरण घ्या. उदासीन पायॉन आणि विद्युतभारित पायॉन ही जवळजवळ सारख्याच वस्तुमानाची भावंडे. उदासीन पायॉनचा ऱ्हास विद्युतचुंबकीय बलामुळे होतो. भारित पायॉनपुढे दुर्बल बलाखेरीज दुसरी वाट नसते, आणि तो आपल्या भावंडाच्या सुमारे ३० कोटी पट जास्त जगतो. हे आयुष्यही सेकंदाच्या एका कोट्यंशाहून कमीच भरते, पण कणांच्या जगात तो दीर्घ काळ आहे. अणुकेंद्राबाहेर पडलेला मोकळा न्यूट्रॉन तर जवळपास १५ मिनिटे टिकतो.

या मंदपणाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या डोक्यावर रोज तळपते. सूर्याच्या गाभ्यात, दीड कोटी अंश तापमानाला, दोन प्रोटॉन एकत्र येऊन ड्यूटेरॉन बनतो. त्यासाठी एका प्रोटॉनचे न्यूट्रॉनमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि ते काम फक्त दुर्बल बलाला येते. पुढच्या पायरीला ड्यूटेरॉनला तिसरा प्रोटॉन मिळून हेलियम-३ तयार होतो. तिथे दुर्बल बलाची गरज पडत नाही. दोन्ही पायऱ्यांत एकमेकांना ढकलणारे विद्युतभार सारखेच, तापमान तेच, गर्दी तीच. तरीही दुसरी पायरी काही सेकंदांत उरकते आणि पहिलीसाठी एखाद्या प्रोटॉनला सरासरी ९०० कोटी वर्षांच्या घरात वाट पाहावी लागते. या एका संथ पायरीमुळे गाभ्याच्या अगदी मध्यभागीसुद्धा घनमीटरमागे ३०० वॅटदेखील उष्णता निर्माण होत नाही. सूर्य तळपतो तो त्याच्या अफाट आकारमानामुळे, आणि टिकतो तो या पायरीच्या संथपणामुळे. पृथ्वीवर जीवसृष्टी उत्क्रांत व्हायला कोट्यवधी वर्षे मिळाली ती इथूनच. हे गणित विद्यार्थ्यांनी एकदा तरी स्वतः कागदावर करून पाहावे. मला भौतिकशास्त्रातले सर्वांत सुंदर गणित तेच वाटते.

पुढचा अर्थ विरळपणाचा. दुर्बल बलाशिवाय ज्याचा पदार्थाशी जवळजवळ संबंधच येत नाही असा कण म्हणजे न्यूट्रिनो. त्याची कल्पना वोल्फगांग पाउलीने डिसेंबर १९३० मध्ये एका पत्रातून मांडली. बीटा किरणोत्सारात थोडी ऊर्जा हिशेबातून नाहीशी होत होती आणि तिचा पत्ता लावायला त्याला एक अदृश्य कण हवा होता. १९३४ साली एन्रिको फर्मीने या कणाला धरून बीटा ऱ्हासाचा सिद्धांत रचला. त्याच वर्षी बेटे आणि पायर्ल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी हिशेब करून सांगितले, की हा कण पकडण्याचा व्यवहार्य मार्ग दिसत नाही. सूर्याकडून येणारे सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो आपल्या शरीराच्या दर चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला आरपार जातात. दिवसा वरून येतात, रात्री पृथ्वी ओलांडून खालून येतात. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी १९५६ साली अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर अणुभट्टीजवळ तो पकडलाच. त्यांची युक्ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. भट्टीतून येणारा प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोचा प्रतिकण, पाण्यातल्या प्रोटॉनवर आदळला की एक पॉझिट्रॉन आणि एक न्यूट्रॉन निघतो. पॉझिट्रॉन तत्काळ नष्ट होताना प्रकाशाची एक खूण उठते. न्यूट्रॉन काही मायक्रोसेकंद भटकतो, पाण्यात मिसळलेल्या कॅडमियममध्ये अडकतो आणि दुसरी खूण उठते. ठरावीक अंतराने उमटलेली ही जोडखूण म्हणजे न्यूट्रिनोचा पुरावा. भट्टीतून येणारा प्रचंड ओघ, आणि हाती लागत तासाला तीनेक घटना.

यानंतरचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्याकडचा आहे आणि मराठी वाचकाला तो ठाऊक असायलाच हवा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ कोलारच्या सोन्याच्या खाणीत विश्वकिरणांचा अभ्यास करत होते. खोल जावे तसे वरून येणारे म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनची जड भावंडे, कमी होत जातात आणि जे पोहोचतात ते बहुतेक सरळ वरूनच येतात. मग सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर एखादा म्यूऑन आडवा येताना दिसला तर तो आला कुठून? एवढा खडक आडवा ओलांडून म्यूऑन येऊ शकत नाही. न्यूट्रिनो येऊ शकतो, आणि त्यानेच जवळच्या खडकात त्या म्यूऑनला जन्म दिलेला असणार. लख्ख पटणारा हा तर्क धरून टाटा संस्था, ओसाका आणि डरहॅम इथल्या चमूंनी प्लास्टिक सिंटिलेटर आणि निऑनच्या नळ्यांची मांडणी त्या उष्ण, कोंदट बोगद्यात उभी केली. १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची नोंद त्यांना मिळाली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत राइन्स यांच्या गटालाही ती मिळाली. शोधनिबंध मात्र कोलारचा आधी छापून आला. आपल्या पाठ्यपुस्तकांत या प्रयोगाला जागा नसावी, याची मला खंत वाटते.

आता मूळ कारण. हे बल मंद आणि विरळ का? त्याचे वाहक कण फार जड आहेत म्हणून. विद्युतचुंबकीय बलाचा वाहक फोटॉन, त्याला वस्तुमानच नाही. दुर्बल बलाचे वाहक डब्ल्यू आणि झेड. डब्ल्यूचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट आणि झेडचे ९७ पट. पुंजभौतिकीत असा वाहक क्षणभर उसना घेता येतो, पण रक्कम जितकी मोठी तितकी परतफेडीची मुदत लहान. या उसनवारीत डब्ल्यूला प्रोटॉनच्या रुंदीचा जेमतेम हजारावा हिस्सा ओलांडता येतो. पल्ला अत्यल्प, हा दुर्बलचा आणखी एक अर्थ, आणि बाकीचे दोन त्याच्याच पोटातले. कमी ऊर्जेला या बलाने घडणाऱ्या घटनांचा वेग डब्ल्यूच्या वस्तुमानाच्या चौथ्या घाताने घटतो. वस्तुमान दुप्पट झाले असते तर वेग सोळाव्या हिश्श्यावर आला असता.

म्हणजे ज्या अर्थाने आपण माणसाला दुर्बल म्हणतो, अंगी मुळात ताकदच कमी, त्या अर्थाने हे बल दुर्बल नाहीच. वाहकाचे ओझे बाजूला ठेवून कणाशी असलेली त्याची मूळ जोडणी मोजली तर ती विद्युतचुंबकीय जोडणीपेक्षा थोडी जास्तच भरते. हॅम्बुर्गच्या हेरा या यंत्रात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या टकरी १९९२ ते २००७ या काळात घडवल्या गेल्या. त्यातून मिळालेला एक आलेख मी हा विषय शिकवताना सर्वांत आधी दाखवीन. सौम्य टकरींमध्ये विद्युतचुंबकीय घटनांची रेषा कितीतरी वर आणि दुर्बल घटनांची खाली असते. टक्कर जसजशी जोरकस होते तसतशा रेषा जवळ येतात आणि डब्ल्यूच्या वस्तुमानाइतक्या ऊर्जेपाशी जवळजवळ एक होतात. शेल्डन ग्लाशो, अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९६० च्या दशकात मांडलेले दोन बलांचे ऐक्य तिथे डोळ्यांनी दिसते. या तिघांना नोबेल १९७९ साली मिळाले. डब्ल्यू आणि झेड सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत प्रत्यक्ष सापडले १९८३ साली.

या बलाची आणखी एक गोष्ट बाकी तिघांपैकी कोणातच नाही. ते डावे-उजवे ओळखते. कोणतीही घटना आरशात पाहिली तर आरशातली घटनाही निसर्गात तशीच घडू शकते, असा सर्वांचा विश्वास होता. १९५६ साली ली आणि यांग या भौतिकशास्त्रज्ञांनी विचारले, की दुर्बल बलाच्या बाबतीत हे कोणी तपासले आहे का? कोणीच नव्हते. च्येन-श्युंग वू यांनी वॉशिंग्टनमध्ये ते तपासले. बीटा ऱ्हासात इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कोबाल्ट-६० चा पातळ थर निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत थंड केला, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात त्याची अणुकेंद्रे एकाच दिशेने फिरती राहतील. थर पुन्हा तापायला लागेपर्यंत काही मिनिटेच हाती असत. तेवढ्यात दिसले, की इलेक्ट्रॉन परिवलनाच्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखे निघत नाहीत. अक्षाच्या उलट दिशेने जास्त निघतात. आरशातल्या जगात ते नेमके दुसऱ्या बाजूला जास्त निघाले असते. ली आणि यांग यांना १९५७ साली नोबेल मिळाले. वू यांना मिळाले नाही, आणि हा अन्याय होता असे मी स्पष्ट म्हणतो. या डावखुरेपणाला नेमके गणिती रूप दिले ते ई. सी. जी. सुदर्शन आणि रॉबर्ट मार्शाक यांनी १९५७ मध्ये. सुदर्शन केरळचे; अमेरिकेला जाण्याआधी ते मुंबईच्या टाटा संस्थेत होते.

रोजच्या व्यवहारातही हे बल आहे. कार्बन-१४ बीटा ऱ्हासाने ५,७३० वर्षांत निम्मा होतो म्हणून पुण्याजवळच्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ ठरवता आला. थायरॉइडच्या रुग्णाला दिलेले आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते ते याच बलाने. पेट स्कॅनमधला फ्लोरिन-१८ सुद्धा त्याच घराण्यातला.

आत यायला फार तयारी लागत नाही. बारावीचे गणित, किरणोत्साराची तोंडओळख आणि आलेख वाचण्याचा धीर असला की सुरुवात करता येते. पुंजभौतिकी वाटेत शिकता येईल. आणि काम संपलेले नाही. न्यूट्रिनोला वस्तुमान आहे हे १९९८ साली जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने दाखवले, पण ते किती, हे अजून ठरायचे आहे. मला स्वतःला सर्वांत ओढ लावणारे कोडे मात्र साध्या न्यूट्रॉनचे आहे. थंड न्यूट्रॉन एका भांड्यात कोंडून किती उरले हे मोजले तर त्यांचे सरासरी आयुष्य सुमारे ८७८ सेकंद येते. न्यूट्रॉनचा झोत सोडून त्यातून निघालेले प्रोटॉन मोजले तर ते सुमारे ८८८ येते. प्रयोग दोन्हीही काळजीपूर्वक केलेले, तरी मधले दहाएक सेकंद जुळत नाहीत. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत किती हेलियम तयार झाला याचा हिशेब याच आकड्यावर उभा आहे. कुठल्या तरी मोजणीत चूक शिरली आहे, की काही न्यूट्रॉन आपल्याला न दिसणाऱ्या वाटेने जात आहेत, हे ठरवायला नवी माणसे हवी आहेत.