सनईनंतरची क्लॅरोनेट

आमच्या घरात वाजवणं दोनदा सुरू झालं आणि मधे एकदा बंद पडलं. बंद पडलं ते ठरवून.

पणजोबा खालापूरकडच्या गावांत सनई वाजवायचे. लग्न असो, पालखी असो, निरोप आला की जायचं. मोबदला म्हणजे खळ्यावरचं भात आणि पंगती उठल्यावर उरलेलं अन्न, तेही अंगणाबाहेर. सनईशिवाय कार्य पुरं होत नव्हतं, पण सनईवाल्याला मांडवात जागा नव्हती. 1927 साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. महाड आपल्याच जिल्ह्यातलं. तेव्हा जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव 1981 मध्ये आलं. त्यानंतर गावकीची कामं सोडायची हे वस्तीवस्तीत बोललं जाऊ लागलं. आजी सांगायची, एका लग्नसराईच्या तोंडावर पणजोबांनी सनई फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. गावाने दुकान बंद केलं, विहिरीवरून भांडणं काढली. सनई खाली उतरली नाही.

आजोबा मोठे झाले ते या न वाजणाऱ्या घरात. पुढे ते घाटातल्या लाइनीवर गँगमन म्हणून लागले. पळसदरीहून खोपोलीपर्यंत रेल्वे 1856 मध्येच आली होती, घाट चढून पुण्याकडे जायला 1863 उजाडलं. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची पहिली रोकड कमाई या रुळांवरची आहे. कर्जतला पलटणीच्या बँडमधून परतलेल्या एका मास्तरांनी पोरं जमवली होती. आजोबा ड्यूटी संपवून तिथे जाऊन बसायचे. मास्तरांनी त्यांच्या हातात क्लॅरोनेट दिली. ही गोष्ट पणजोबांना कशी सांगायची, याचीच घरात धास्ती होती. आप्पा, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, तेव्हा लहान होते, पण त्यांना पणजोबांचे प्रश्न आठवतात. बोलावणं येतं की सुपारी ठरते? पैसे आधी की नंतर? जेवण कुठे? सुपारी ठरते, बयाणा आधी मिळतो, जेवण पंगतीत, आणि अंगात पितळी बटणांचा कोट असतो, असं आजोबांनी सांगितलं. पणजोबांनी एवढंच म्हटलं, मग वाजव.

बँडचा तो झगमगीत कोट बघून आज कुणाला गंमत वाटेल. मला त्यात एक हिशेब चुकता झालेला दिसतो. फुंक तीच होती, बोटंही तीच, आणि त्या फुंकेचा दर आता वाजवणारा सांगत होता.

क्लॅरोनेट आपल्याकडे आली गोऱ्या पलटणींच्या बँडबरोबर. मूळ जर्मनीतलं. 1700 च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराने शालुमो नावाच्या साध्या वाद्याला चाव्या जोडून ती घडवली, असं मानतात. आपल्याकडच्या बँडवाल्यांचं पेठेचं गाव मात्र मेरठ. तिथली नादिर अली अँड कंपनी 1885 सालची. आजोबांची क्लॅरोनेट एबोनाइटची आहे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. कर्जतच्या पावसात लाकूड फुगतं, तडकतं. ही अजून शाबूत आहे. फक्त चाव्यांखालचे पॅड दोन पावसाळ्यांनी बदलावे लागतात.

हीच क्लॅरोनेट आता मी शिकते आहे, आप्पांकडे.

आधी पत्ती तोंडात धरून ओली करायची. मग ती मुखाच्या सपाट बाजूवर बसवायची, टोक केसभर जरी पुढेमागे झालं तरी सूर बसत नाही. खालचा ओठ दातांवर दुमडायचा, वरचे दात मुखावर टेकवायचे. “बाय, गालात हवा नको, पोटातून येऊ दे,” आप्पा म्हणतात. नवी पत्ती महाग, म्हणून जुनी झालेली ते ब्लेडने अलगद तासतात, खिडकीच्या उजेडात धरून दोन्ही कडा सारख्या आहेत का बघतात. ही पत्ती बोरूच्या जातीच्या एका वेताची, आणि उत्तम वेत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचा समजतात.

सनईवाल्याच्या घरातल्या माणसाला क्लॅरोनेट कुठे अडवते, ते मला फार उशिरा कळलं. सनईची नळी खाली रुंदावत जाते. त्याच बोटांवर फुंक वाढवली की वरच्या सप्तकातला तोच सूर मिळतो. क्लॅरोनेटची नळी बहुतेक सरळ. खालचा षड्ज धरून डाव्या अंगठ्याची चावी दाबली, की वरचा षड्ज येत नाही, त्याच्याही पुढचा पंचम येतो. म्हणजे वरच्या सप्तकाला बोटं वेगळी. मधे एक जागा अशी येते, की जवळजवळ सगळी भोकं उघडी असताना पुढच्याच सुराला ती सगळी एकदम झाकावी लागतात. आप्पा तिला उडी म्हणतात. आजोबांनी ही उडी रात्रीच्या गाडीची वाट बघत फलाटाच्या टोकाला घोटली होती. मींड तर चाव्यांना ठाऊकच नाही. ती बोट भोकावरून हळूहळू सरकवून आणि ओठ सैल सोडून काढायची. हे मास्तरांनी शिकवलं नव्हतं, पलटणीत त्याचं काम नव्हतं. आजोबांनी ते लहानपणी ऐकलेल्या सनईवरून शोधलं. माझ्या लेखी आपल्या बँडवाल्यांची सगळ्यात मोठी कमाई ही आहे, आणि संगीताच्या पुस्तकांनी तिची दखल पुरेशी घेतलेली नाही.

1954 साली ‘नागिन’ आला आणि बीन सगळ्या वरातींत शिरली. पडद्यावरची ती बीन कल्याणजींनी क्लॅव्हिओलाइनवर वाजवलेली. रस्त्यावर तिचं काम क्लॅरोनेटने केलं. ‘पिंजरा’चे संगीतकार राम कदम हेही मुळात बँडमधले क्लॅरोनेटवाले.

मग बँजो पार्ट्या आल्या, हळदीला डीजे लागला. चौघांच्या बँजोपुढे पंधरा माणसांचा बँड परवडेना. पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीत प्रभात आणि दरबार बँड अजून मानाने चालतात. आमच्याकडचा कधीच मोडला. आजोबांचा कोट आत्याने गोधडीत घातला.

सध्या माझी तयारी 14 एप्रिलच्या मिरवणुकीची आहे. खोपोलीतल्या काही जुन्या वादकांनी पुन्हा जमायचं ठरवलं आहे, आणि खालच्या सुरांची ओळ माझ्याकडे दिली आहे. चालत वाजवताना मुख दातांवर आपटतं, म्हणून रोज संध्याकाळी मी घरामागच्या खडबडीत वाटेवर चालत वाजवते. आप्पा पुढे चालतात आणि हाताने ठेका देतात. पणजोबांची एक चाल त्यांना तोंडपाठ आहे, वधू उंबरा ओलांडताना वाजायची ती. ती त्यांनी मला सरगम करून लिहून दिली आहे. पण तिच्यात बरोबर उडीच्या जागी मींड आहे, आणि तिथे कुठलं बोट आधी सोडायचं यावर आमचं दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.